काळे हात आणि 'कष्टाची खूण' वगैरे

आपल्याकडे काही गोष्टींचं उगाचच कौतुक असतं. मेकॅनिकचे काळेकुट्ट हात ही त्यातलीच एक. "हात बघ त्याचे, खरा कष्टाचा माणूस!" असं म्हणायचं, लेबरचे पन्नास रुपये कमी करून घ्यायचे आणि किक मारून निघायचं. माझं म्हणणं सरळ आहे मंडळी. ते काळं म्हणजे कष्टाची खूण नाही, फुकट करून घेतलेली इजा आहे. आणि ती टाळायला लागणारा खर्च आपण विकांताला एका कॉफीवर उडवतो.

आधी आपल्या सगळ्यांच्या लाडक्या उपायाबद्दल. हात ग्रीसने माखले की गॅरेजमध्ये काय करतात? डब्यातलं पेट्रोल किंवा रॉकेल ओततात, खसाखसा चोळतात, वर कपडे धुवायची पावडर मारतात. हात चकाचक! घरी बाईकची चेन साफ करणारी आपली पब्लिकही हेच करते. आता पेट्रोलने ग्रीस निघतं हे खरंच, कारण तेल तेलात विरघळतं. पण आपल्या कातडीवरही निसर्गाने दिलेला स्निग्धपणा असतो, आणि पेट्रोलला ग्रीस कुठलं नि आपलं कुठलं हे कळत नाही. ते दोन्ही घेऊन जातं. मग कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, त्या भेगांमध्ये पुन्हा तेल शिरतं, ते काढायला पुन्हा पेट्रोल. आपल्या भाषेत सांगायचं तर इन्फिनाइट लूप :-) पुढे खाज, लाली आणि शेवटी हाताचा इसब. शिवाय पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं. आपल्याकडच्या बीएस-६ पेट्रोलमध्येही १ टक्क्यापर्यंत चालतं. बेन्झीनने रक्ताचा कॅन्सर होतो, हे आता वादाचं राहिलेलं नाही. हात धुताना ते कातडीला तर लागतंच, पण त्याची वाफ नाकातही जाते. आणि शेजारी कोणी बिडी पेटवली तर पुढचं सांगायला नको.

दुसरं म्हणजे जळकं ऑइल. नवीन इंजिन ऑइल आणि चार-पाच हजार किलोमीटर चाललेलं काळं ऑइल या दोन वेगळ्या चिजा आहेत. इंधन जळताना तयार होणारी घातक रसायनं हळूहळू त्यात साठत जातात. उंदरांच्या कातडीवर वापरलेलं ऑइल लावून केलेल्या प्रयोगांत कॅन्सर झालेला दिसला आहे. माणसांचा इतिहासही आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांत मशीनचं तेल वर्षानुवर्षं अंगावर उडून कामगारांना त्वचेचा कॅन्सर व्हायचा. इतका, की १९५३ साली ब्रिटनला त्यासाठी खास नियम करावे लागले. याचा अर्थ तुम्ही एकदा घरी ऑइल बदललंत की संपलात असा नाही. घाबरू नका. प्रश्न रोज दहा वेळा, वीस-वीस वर्षं हात बुडवणाऱ्याचा आहे.

मग करायचं काय? गंमत म्हणजे उपाय अगदी साधे आहेत.

सगळ्यात आधी ग्लोव्ह्ज, पण नायट्राइलचे. डॉक्टरांसारखे दिसतात म्हणून लॅटेक्सचे घेऊ नका, ते तेला-पेट्रोलात फुगून फाटतात. पातळ नायट्राइलमधूनही पेट्रोल काही मिनिटांत आत झिरपतं, तेव्हा भिजले की सरळ बदलायचे. "ग्लोव्ह्ज घातले की नट हाताला लागत नाही" ही मेकॅनिक लोकांची तक्रार जाड रबरी हातमोज्यांबाबत खरी आहे, या पातळ प्रकारात बोटांना बऱ्यापैकी कळतं. घाम येतो, हे मात्र मान्य. मे महिन्यात पुण्यात अधूनमधून काढून हात कोरडे करावेच लागतात.

पण एक अपवाद घोकून ठेवा: इंजिन चालू असेल आणि काही फिरत असेल तर ग्लोव्ह्ज नकोत, आणि खरं तर हातच नको. इंजिन चालू ठेवून, गियर टाकून फिरती चेन फडक्याने पुसणारे महाभाग आपल्यात खूप आहेत. फडकं अडकतं आणि त्याच्यामागोमाग बोटं जातात. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, चाक हाताने हळूहळू फिरवा. पुसताना चाक थांबलेलं हवं. बॅटरीचं काम असेल तर अंगठी आणि धातूचा पट्टा काढून ठेवा. पान्याने शॉर्ट झालं तर अंगठी क्षणात तापून बोट भाजतं.

ग्लोव्ह्ज नसतील तर काम सुरू करण्याआधी ओल्या साबणाच्या वडीवर नखं घासून घ्या. नखांखाली साबण बसला की ग्रीसला जागाच उरत नाही. आणि हात धुताना पाणी सगळ्यात शेवटी! आधी कोरड्या हातांना खोबरेल किंवा कुठलंही खायचं तेल चोळा, ग्रीस सुटलं की फडक्याने पुसा. मग भांड्यांचा लिक्विड साबण आणि चमचाभर साखर घेऊन घासा, आणि मग पाणी. साबणाचं एक टोक तेलाला धरतं नि दुसरं पाण्याला, त्यामुळे उरलेलं धुऊन निघतं. हात पुसून पुन्हा थोडं खोबरेल किंवा व्हॅसलिन. झालं.

आता मुद्द्याचं. आमच्या हापिसात कीबोर्डवर मनगट कसं ठेवावं यावर तासभराचं प्रेझेंटेशन होतं, वर चकटफू माऊसपॅड. मनगट जपायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण कोपऱ्यावरच्या गॅरेजात अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा दिवसभर काळ्या ऑइलात हात घालून उभा असतो, त्याला कोणी काही सांगत नाही. मालक म्हणतो, "सवय होते साहेब." सवय मनाला होते. कातडीला होत नाही.

कायदा, तपासणी वगैरे यायचं तेव्हा येईल. तोवर आपण गिऱ्हाईक आहोत, आणि गिऱ्हाइकाचं गॅरेजवाला ऐकतो. पुढच्या सर्व्हिसिंगला जाताना नायट्राइल ग्लोव्ह्जचा एक खोका घेऊन जा, काही शे रुपयांत शंभर नग मिळतात. मालकाला म्हणा, माझ्या गाडीला हात लावणारा हे घालेल. पोरगा लाजेल, बाकीचे "काय डॉक्टर झाला का रे" म्हणून खिदळतील. खिदळू देत. आम्हीही पहिल्यांदा हेल्मेट घालणाऱ्यांना असंच हसायचो, राव.

आणि हो, लेबरचे ते पन्नास रुपये देऊन टाका.