दाब उतरला, झीज राहिली

पित्ताशयात खडा असतो आणि रुग्ण दुखतो म्हणून दाखवतो उजवा खांदा. हृदयाचा रक्तपुरवठा अडतो आणि कळ जाते डाव्या हाताला, कधी जबड्याला. रोग एकीकडे आणि दुखणे दुसरीकडे, हा प्रकार वैद्यकाच्या विद्यार्थ्याला फार लवकर शिकवला जातो, कारण तो न कळल्यास खांद्याला मलम लावण्यातच दिवस जातात. डेस्कटॉप संगणकांच्या बाबतीत २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभर नेमके हेच घडले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे महागडे प्रोसेसर बसवलेल्या संगणकांवर एखादा मोठा खेळ सुरू होता होता बंद पडे आणि पडद्यावर संदेश येई, 'व्हिडिओ मेमरी अपुरी आहे'. मेमरी भरपूर असे. लोकांनी ग्राफिक्स कार्डे बदलली, रॅम बदलली, विंडोज पुसून पुन्हा टाकले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दोष ग्राफिक्स कार्डात नव्हताच. दाबून भरलेल्या फायली उलगडण्याचे काम प्रोसेसर करतो, आणि ते करताना तो चुकत होता.

२०२४च्या एप्रिलमध्ये ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एन्व्हिडियानेच अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना इंटेलकडे जाण्यास सांगितले, तेव्हा कुठे बोट योग्य अवयवावर ठेवले गेले. तोवर तेरावी पिढी बाजारात येऊन दीड वर्ष झाले होते. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली आणि चौदावी त्याच घडणीवर वर्षभराने. आय-९ वर्गातले तिचे सर्वांत वरचे प्रोसेसर सेकंदाला सहा अब्ज ठोके गाठणारे, म्हणजे सहा गिगाहर्ट्झचे, म्हणून मिरवले जात होते.

या आजाराचे निदान एका दिवसात झाले नाही, आणि ते ज्या क्रमाने झाले तो क्रम पाहण्यासारखा आहे. पहिला संशय गेला मदरबोर्ड बनवणाऱ्यांवर. आपला बोर्ड दुसऱ्यापेक्षा वेगवान दिसावा म्हणून त्यांनी वीजमर्यादा सैल सोडल्या होत्या. ज्या प्रोसेसरसाठी इंटेलची शिफारस २५३ वॅटची, त्याला काही बोर्ड कारखान्यातूनच जवळपास अमर्याद मुभा देऊन येत. हा आरोप खोटा नव्हता, पण पुरेसाही नव्हता. मर्यादा पाळणारी यंत्रेही पडत होती. मग जूनमध्ये प्रोसेसर गरम असताना वेग वाढवण्यासंबंधीची एक चूक सापडली आणि तिच्यावर '०एक्स१२५' या क्रमांकाची दुरुस्ती आली. तीही मूळ कारण नसल्याचे कंपनीनेच सांगितले. जुलैच्या अखेरीस कबुली आली की प्रोसेसरच्या आतली मायक्रोकोड नावाची प्रणाली चुकीचे गणित करून गरजेपेक्षा जास्त विद्युतदाब मागते आहे. ऑगस्टमध्ये '०एक्स१२९' आली. ती १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखते. सप्टेंबरमध्ये '०एक्स१२बी' आली आणि तिच्यासोबत आजाराला नावही मिळाले. मे २०२५ मध्ये आणखी एक, '०एक्स१२एफ', दिवसेंदिवस चालू राहून हलकेच काम करणाऱ्या यंत्रांसाठी.

मायक्रोकोड म्हणजे काय, हे इथे थांबून समजून घ्यायला हवे. प्रोसेसर हा सिलिकॉनचा तुकडा असला तरी त्याचे सगळे वागणे सिलिकॉनमध्ये कोरलेले नसते. कोणत्या आज्ञेचे काय करायचे, किती वेगाने धावायचे, त्यासाठी किती दाब मागायचा, याचे काही नियम बदलता येतील अशा रूपात ठेवलेले असतात. संगणक सुरू होताना मदरबोर्डवरचा बायोस हे नियम प्रोसेसरला देतो. प्रोसेसर ते बंद होईपर्यंत लक्षात ठेवतो आणि बंद झाला की विसरतो. म्हणजे ही दुरुस्ती शस्त्रक्रियेसारखी नाही, रक्तदाबाच्या गोळीसारखी आहे. रोज सकाळी घ्यावी लागते. बायोस जुना असेल तर गोळी मिळत नाही, आणि काही कारणाने बायोस मागच्या आवृत्तीवर गेला तर औषध बंद होते, रुग्णाला पत्ताही लागत नाही. विंडोज आपोआप अद्ययावत होते म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. या विशिष्ट दुरुस्त्या बायोसमार्फतच द्याव्या लागतात. संगणक सुरू झाल्यावर विंडोजने दिल्या तर त्यांचा उपयोग होत नाही, असे इंटेलने स्पष्ट केले आहे.

आता मूळ विकृती. प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यात ठोके वाटून देणारी एक शाखांची जाळी असते. हृदयाच्या स्पंदनाचा संदेश स्नायूंपर्यंत नेणाऱ्या तंतूंची आठवण व्हावी अशी. जास्त दाब आणि जास्त उष्णता एकत्र आली की या जाळीतले मंडल वेळेआधी म्हातारे होते. ठोक्याचा वर-खाली होण्याचा समतोल ढळतो. मग ठरावीक वेगाने बिनचूक चालायला आधी जेवढा किमान दाब पुरत असे, तेवढ्यात भागत नाही. हा किमान दाब वर सरकणे, यालाच इंटेलने 'व्हीमिन शिफ्ट' असे नाव दिले. झिजलेल्या प्रोसेसरचा वेग थोडा कमी केला तर तो पुन्हा शहाण्यासारखा वागतो, म्हणूनच कित्येकांनी वेग उतरवून दिवस काढले. दम लागणाऱ्या माणसाने जिना टाळावा, तसे. जिना टाळल्याने दम लागत नाही. हृदय बरे झाले, असा त्याचा अर्थ नसतो.

सर्वांत विचार करण्याजोगी बाब वेगळीच आहे. सर्वसामान्य समज असा की यंत्र ताबडले तर झिजते आणि स्वस्थ ठेवले तर टिकते. इथे उलटेही होत होते. सगळे गाभे एकदम कामाला लागतात तेव्हा उष्णतेच्या आणि वीजमर्यादेच्या लगामामुळे वेग आणि दाब आपोआप आवरले जातात. पण यंत्र जवळजवळ रिकामे असते, माणूस नुसते काहीतरी वाचत बसलेला असतो, तेव्हा एखादे छोटे काम येते आणि एकटा गाभा क्षणभर कमाल वेगाला झेप घेतो. त्या क्षणी मागितला जाणारा दाब सर्वाधिक असतो. सरासरी काढली तर तो दिसतही नाही. दवाखान्यात मोजलेला रक्तदाब अगदी नॉर्मल आणि चोवीस तास दंडाला पट्टा बांधला की पहाटेचे उंच शिखर सापडते, अशा रुग्णांची इथे आठवण यावी. '०एक्स१२बी' या दुरुस्तीने ज्या मागणीला आवर घातला, ती बरीचशी या निवांत वेळेतली होती. यंत्र दमलेले दिसत नव्हते म्हणून कोणी तिकडे पाहिले नाही.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगितली पाहिजे, कारण तिच्याबाबत गैरसमज फार आहे. या दुरुस्त्यांनी झालेली झीज भरून येत नाही. काचबिंदूच्या रुग्णाला डोळ्यात टाकायचे थेंब देतात. त्याने डोळ्यातला दाब उतरतो आणि उरलेली नजर वाचते. मेलेले मज्जातंतू परत येत नाहीत, आणि थेंब टाकूनही दिसत का नाही, म्हणून रुग्ण दर भेटीला विचारतो. प्रोसेसरचे तसेच आहे. ज्याला अजून लक्षणे नाहीत, त्याच्यासाठी नवा बायोस हा खरा उपचार. ज्याचा प्रोसेसर आधीच अडखळू लागला आहे, त्याने बायोस टाकून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. त्याला प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो.

इंटेलने तो बदलून देण्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, हे योग्यच झाले. पण कंपनीने माल परत बोलावला नाही, आणि विक्रीही थांबवली नाही. खेळ बनवणाऱ्या एका कंपनीने जुलै २०२४ मध्ये आपले सर्व्हर या प्रोसेसरांवरून हलवत असल्याचे जाहीर केले, तेव्हाही नाही. सुरुवातीच्या काही तेराव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये आतल्या सूक्ष्म जोडण्या गंजण्याचा एक वेगळा उत्पादनदोषही होता. तो बाहेर आला तोही याच गदारोळात, विचारल्यावर. रोगनिदानाला वेळ लागतो, हे कोणताही वैद्य मान्य करील. निदान चालू असताना रुग्णाला अंधारात ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे.

याच कंपनीने हा धडा तीस वर्षांपूर्वी एकदा महागात घेतला होता. १९९४ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नायस्ली यांना पेन्टियम प्रोसेसर काही भागाकार चुकवतो असे आढळले. आतल्या एका कोष्टकातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या. कंपनीचे पहिले उत्तर असे होते की ज्याला अशा अचूकतेची गरज आहे हे तो दाखवून देईल, त्याला बदलून देऊ. आरडाओरड झाली, आयबीएमने विक्री थांबवली आणि डिसेंबरअखेर मागेल त्याला बदलून देण्याची वेळ आली. त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. तेव्हा मायक्रोकोड बाहेरून बदलण्याची सोय नव्हती. ती इंटेलच्या पुढच्या पिढीत, पेन्टियम प्रोमध्ये आली. ती सोय उत्तमच, पण तिच्यामुळे एक सवयही लागली. आधी विकावे, मग दुरुस्ती पाठवावी.

वैद्यकीय उपकरणांच्या जगात हेच काम कसे होते ते पाहू. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲबट कंपनीच्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या फर्मवेअर दुरुस्तीची सूचना जाहीर केली. कारण होते बाहेरच्या माणसाला त्यात शिरकाव करता येण्याची शक्यता. रुग्णाने दवाखान्यात यायचे, सुमारे तीन मिनिटे लागतील, तेवढा वेळ पेसमेकर मिनिटाला ६७ ठोक्यांच्या राखीव पद्धतीवर चालेल, दुरुस्ती फसण्याचा धोका अत्यल्प पण शून्य नाही, हे सगळे आधी सांगितले गेले. निर्णय डॉक्टर आणि रुग्णाने मिळून घ्यायचा होता. भारतातही उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद ठेवणारी मटेरिओव्हिजिलन्स योजना २०१५ पासून आहे. टेबलावरच्या संगणकासाठी असा कोणी पहारेकरी नाही, आणि पेसमेकरइतका तो असावा असे कोणी म्हणणारही नाही. तरी त्याच संगणकावर आज एक्स-रे पाहिले जातात, हिशेब होतात, प्रबंधांची आकडेमोड होते.

आणि यंत्र बंद पडले तर निदान कळते तरी. खरी भीती न सांगता चुकणाऱ्या प्रोसेसरची आहे. २०२१ मध्ये गूगल आणि फेसबुक या दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी शोधनिबंध लिहून सांगितले की त्यांच्या प्रचंड यंत्रसंख्येत काही गाभे अधूनमधून चुकीचे उत्तर देतात आणि कुठलीही तक्रार करत नाहीत. गूगलच्या अनुभवात दर काही हजार यंत्रांमागे असे थोडेच गाभे सापडले. ते इंटेलच्या या प्रकरणाशी जोडलेले नव्हते, पण वयपरत्वे झिजणारा प्रोसेसर म्हणजे काय, याची कल्पना त्यातून येते. फाइल उलगडताना शेवटी बेरीज जुळते का हे तपासले जाते, म्हणून तिथली चूक पकडली जाते. जिथे अशी तपासणी नाही, तिथली चूक पकडणार कोण?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडून घेतलेले संगणक आपल्याकडे कमी नाहीत, आणि मुलाच्या शिक्षणासाठी किंवा अॅनिमेशनच्या कामासाठी कर्ज काढून घेतलेले यंत्रही त्यातच आले. म्हणून थोडे व्यवहाराचे. तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा, ६५ वॅट किंवा त्याहून अधिकचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तरच ही काळजी. बाराव्या आणि त्याआधीच्या पिढ्यांना हा आजार नाही, लॅपटॉपचे प्रोसेसरही यातून बाहेर असल्याचे इंटेल सांगते. मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचा ताजा बायोस शोधावा, त्यात '०एक्स१२बी' किंवा '०एक्स१२एफ' असल्याची खात्री करावी, आणि बायोसमध्ये वीजमर्यादेसाठी 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडावे. कोणी वेग वाढवून दिला असेल तर तो मोह सोडावा. दुरुस्ती बसवताना वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो, तेव्हा ज्या गावात दिवे कधीही जातात तिथे यूपीएसशिवाय हात घालू नये. जमत नसेल तर जोडून देणाऱ्याकडून करून घ्यावे आणि आधी-नंतरची बायोसची आवृत्ती लिहून मागावी, जशी रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी जपतो तशी.

खेळ किंवा फाइल उलगडणे वारंवार अडत असेल, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बसता बसता अपयशी होत असेल, तर ग्राफिक्स कार्डावर खर्च करण्याआधी प्रोसेसरची हमी तपासावी. खोक्यात मिळालेला प्रोसेसर थेट इंटेलकडे, खोक्याविना घेतलेला ज्याने विकला त्याच्याकडे आणि तयार संगणकातला त्या संगणकाच्या कंपनीकडे, अशी बदलून घेण्याची वाट आहे. पावती हवी. ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्याच लाटेत ज्यांनी हे प्रोसेसर घेतले, त्यांची वाढवलेली पाच वर्षे ऑक्टोबर २०२७ मध्ये संपतात.