गवगव्याचे गणित आणि ज्ञानाचे मोल

शास्त्रीय संशोधनाचे मोल कोणी ठरवावयाचे आणि कोणत्या मापाने, हा प्रश्न विद्यापीठांच्या चार भिंतींतला मानला जातो. वस्तुतः तो तसा नाही. भारतात संशोधनावरचा बराचसा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे जनतेच्या पैशातून होतो. कोणाला बढती मिळावी, कोणत्या विषयाला अनुदान मिळावे, हे ज्या मापाने ठरते ते माप कोणाच्या हाती आहे, हे जाणून घेण्याचा अधिकार त्या जनतेलाही आहे.

जुने माप उद्धरणांचे होते. युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली विज्ञानविषयक उद्धरणसूची प्रसिद्ध केली आणि तिच्यातूनच पुढे नियतकालिकांचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' रूढ झाला. निबंध न वाचताच, तो कोठे छापला गेला यावरून त्याची योग्यता ठरू लागली. या मिरासदारीविरुद्ध ऑक्टोबर २०१० मध्ये जेसन प्रीम व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 'अल्टमेट्रिक्स'चा जाहीरनामा काढला. उद्धरणे जमण्यास वर्षे लागतात. परंतु निबंध कोण जपून ठेवतो, त्याची चर्चा कोठे होते, याची नोंद इंटरनेटवर तत्काळ मिळते, तिचा उपयोग करावा, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यापीठाबाहेरच्या वाचकालाही मोजणीत स्थान देणारी ही दृष्टी लोकशाहीची होती, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु बंडाचा बाजार व्हावयास वेळ लागला नाही. लंडनमध्ये २०११ साली स्थापन झालेली 'अल्टमेट्रिक' ही कंपनी निबंधागणिक एक अंक काढते. बातमीस ८, ब्लॉगवरील लेखास ५, फेसबुकवरील उल्लेखास पाव, असे तिचे भारांक आहेत. ही कंपनी ज्या होल्ट्झब्रिंक उद्योगसमूहाच्या छत्राखाली आहे, तोच समूह स्प्रिंगर नेचर या बलाढ्य प्रकाशनसंस्थेचा प्रमुख भागधारक आहे. एल्सेव्हियर या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेने संशोधकांच्या वाचनयाद्या सांभाळणारी 'मेंडले' २०१३ मध्ये आणि मोजणी करणारी 'प्लम अनॅलिटिक्स' २०१७ मध्ये विकत घेतली. माल विकणारा आणि तराजू धरणारा एकच झाल्यावर मापावर विश्वास कोणत्या भरवशावर ठेवावा?

तराजू प्रामाणिक धरला, तरी तो काय तोलतो हा प्रश्न उरतोच. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट'मध्ये, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमुळे कोविडच्या रुग्णांचा धोका वाढतो असे सुचवणारा निबंध आला. सुमारे ९६ हजार रुग्णांच्या माहितीचा दावा त्यात होता. जगभर त्याचा गवगवा झाला; जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची चाचणी काही काळ थांबवली. मूळ माहिती तपासणीस मिळेना, म्हणून ४ जून रोजी निबंध मागे घ्यावा लागला. निबंध मागे घेतल्याची प्रत्येक बातमीही अशा अंकात भरच घालते, कारण स्तुती आणि निर्भर्त्सना यांत तो भेद करीत नाही. डाउनलोड म्हणजे वाचन नव्हे आणि वाचन म्हणजे मान्यता नव्हे, हे साधे सत्य त्यात हरवते.

याउलट गडचिरोलीचे उदाहरण घ्यावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेवरील निबंध डिसेंबर १९९९ मध्ये त्याच 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी केलेल्या कामामुळे तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या वेळी फेसबुक नव्हते, ट्विटर नव्हते. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात शिशुसेवेचे काम 'आशा' कार्यकर्त्यांकडे सोपवले. सरकारी दस्तऐवजातील उल्लेख यंत्राला टिपता येतो. वाचलेले मूल टिपता येत नाही.

देशी भाषांतील लेखनाची स्थिती तर याहून बिकट. ही यंत्रणा मुख्यतः डीओआय या ओळखक्रमांकावर चालते. ज्या मराठी नियतकालिकापाशी तो नाही, त्यातील पाणीप्रश्नावरचा लेख शेकडो कार्यकर्त्यांनी वाचला, त्यावर शिबिरे झाली, तरी त्याच्या नावे शून्यच पडण्याची शक्यता अधिक.

माप हेच उद्दिष्ट बनले की ते माप राहत नाही, हे तत्त्व ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडले. भारताने त्याचा अनुभव घेतला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीला गुणांकांची जोड दिली. निबंधांची संख्या वाढली आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे पीकही फोफावले. गवगव्याचा अंक बढतीशी जोडला गेला, तर संशोधक प्रयोगशाळेपेक्षा प्रसिद्धीकडे अधिक लक्ष देऊ लागतील.

यास्तव प्राध्यापक संघटनांनी व पुरोगामी कार्यकर्त्यांनी काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. असा कोणताही अंक नेमणूक, बढती वा अनुदान यांचा निकष होऊ नये. मोजणीची मूळ माहिती व भारांक सर्वांना खुले असावेत आणि त्यांची व्यवस्था सार्वजनिक संस्थांकडे असावी. देशी भाषांतील लेखनाला ओळखक्रमांक सरकारी खर्चाने मिळावा. आणि निवड समितीच्या प्रत्येक सदस्याने उमेदवाराचा निबंध प्रत्यक्ष वाचावा. ही शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे. तिला होणारा विरोध मात्र सर्वांत मोठा असेल.