हप्ता आमचा, मग दोषही आमचाच काय?

धर्मांतराने माणसाचे मन मुक्त होते. परंतु मुक्त मनाच्या माणसालाही पोट असते आणि पोटासाठी त्याला बाजारात जावे लागते. तेथे तो ज्या कागदावर सही करतो त्या कागदाचा अर्थ त्याला कळत नसेल, तर जोहार संपला, पण ताबेदारी संपली नाही, असेच म्हणावे लागेल.

परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावातील आपल्या तरुणाचा विचार करावा. मजुरी सोडून स्वतःचे वाहन भाड्याने चालवावे, ही त्याची आकांक्षा सर्वथा योग्य आहे. नवी गाडी परवडत नाही म्हणून तो जुनी घेतो. रोख नसते म्हणून वित्तसंस्थेचे कर्ज काढतो. महिन्याभरात इंजिन बसते. किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेला आणि अपघाताची खूण रंगाखाली झाकलेली निघते. विक्रेता म्हणतो, "जुनी गाडी तुम्ही पाहून घेतली." वित्तसंस्था म्हणते, "गाडी चालो वा न चालो, हप्ता भरा."

विक्रेत्याचे म्हणणे कायद्याला पुरते मान्य नाही. ज्याचा धंदाच गाड्या विकण्याचा आहे त्याचा माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, अशी गर्भित अट १९३० च्या मालविक्री कायद्यात आहे. पाहणी करताना जो दोष दिसावयास हवा होता, त्याची तक्रार करता येत नाही. दडविलेल्या दोषाची करता येते. मात्र 'आहे त्या स्थितीत घेतली' असे लिहून दिल्यास ही अट दुबळी होते. म्हणून वाचल्यावाचून सही करू नये. दोष जाणूनबुजून झाकणे ही तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे फसवणूकच होय. मग विकणारा व्यापारी असो वा खाजगी मालक.

दाद कोठे मागावी? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे. गाडी पुण्यात घेतली असली तरी पिंगळीच्या रहिवाशाला परभणीतच तक्रार करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही. 'गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक नव्हे,' हा आक्षेप हमखास येतो. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात दिले आहे: उपजीविकेसाठी स्वतः चालविण्याकरिता रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच आहे.

वकील हवा असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीस तो विनामूल्य मिळतो. उत्पन्नाची अट नाही. बौद्ध झालेल्यांना केंद्राने हा दर्जा १९९० साली दिला. १९५६ पासून चौतीस वर्षे झगडून मिळविलेला हा हक्क पेटीत ठेवण्यासाठी नाही.

आता हप्त्याचा प्रश्न. विक्री हा एक करार आणि कर्ज हा दुसरा, असे कायदा मानतो. म्हणून रागाच्या भरात हप्ता थांबवू नये. तो थकला की गाडी जाते आणि पतही जाते. तक्रारीत वित्तसंस्थेलाही पक्षकार करावे व अंतरिम आदेश मागावा. गुंड पाठवून गाडी ओढून नेण्याच्या रीतीला सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली प्रकाश कौर यांच्या प्रकरणात कडक शब्दांत दोष दिला आहे, हेही ध्यानी ठेवावे.

परंतु खरे दुखणे या दोन कागदांच्या फारकतीतच आहे. विक्रेता आणि वित्तसंस्था गिऱ्हाईक गाठताना एक असतात, जबाबदारी आली की वेगळे होतात. इंग्लंडने १९७४ च्या कायद्याने, काही मर्यादेत, विक्रेत्याच्या दोषाला कर्ज देणाऱ्यालाही जबाबदार धरले. आपल्या संसदेनेही १९७२ साली भाडेखरेदी कायदा संमत करून मालाच्या दर्जाबाबत अटी घातल्या होत्या. त्याचा प्रत्यक्ष अंमल कधीच झाला नाही आणि २००५ साली तो रद्द झाला. धनको संघटित होते, ऋणको विखुरलेले होते. कागदावरचा कायदा कागदावरच राहिला, यात नवल ते काय?

जो विक्रीला हातभार लावून व्याज खातो, त्याने दोषाचा भारही उचलावा, असा कायदा आपण मागितला पाहिजे. तो होईपर्यंत, आहे तो कायदा वापरावा. गावातील प्रत्येक विहारात करारपत्र वाचून समजावून सांगणारा एक तरी शिकलेला माणूस बसू द्या. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले, ते केवळ नोकरीसाठी नव्हे.