विश्लेषण : आदिवासी भागातला दवाखाना कोणी आखायचा?

आदिवासी भागात दवाखाना आहे, पण रुग्ण वेळेवर येत नाहीत, अशी तक्रार नेहमी होते. दोष बहुतेक वेळा अंधश्रद्धेला दिला जातो. पण दवाखाना कसा हवा, हे आदिवासींना कोणी विचारले का?

निकष काय सांगतात?

सर्वसाधारण भागात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी व डोंगराळ भागात २० हजारांमागे एक, असा निकष आहे. म्हणजे विखुरलेल्या वस्तीचा विचार झाला. भाषा, चालीरीती, सोबत येणारे नातेवाईक यांना मात्र या आकड्यांत जागा नाही.

गडचिरोलीत काय घडले?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हाच प्रश्न गोंड आदिवासींना विचारला. मोठ्या इमारतीची भीती वाटते, बोलणे कळत नाही, घरच्यांना सोबत राहू देत नाहीत, अशी उत्तरे आली. त्यातून शोधग्राममध्ये आदिवासी गावासारखे, झोपड्यांचे रुग्णालय उभे राहिले. रुग्णासोबत घरचेही राहू शकतात. नाव देवीचे : माँ दंतेश्वरी.

आजारी तान्ह्या बाळाला रुग्णालयात न्यायला अनेक कुटुंबे तयार नसत. म्हणून संस्थेने जिल्ह्यातील ३९ गावांत स्थानिक महिलांनाच प्रशिक्षण देऊन उपचार घरी पोहोचवले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून देशभरात आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली जाते.

सरकारी यंत्रणेत काय बदलले?

राज्याच्या ‘माहेरघर’ योजनेत दुर्गम पाड्यांवरील गर्भवतींना प्रसूतीच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राजवळ राहता येते. सोबत नातेवाईक आणि लहान मूलही राहू शकते.

म्हणजे परंपरा सांगेल तेच करायचे?

नाही. सर्पदंशावर प्रतिविषच लागते, सिकलसेलचे निदान रक्त तपासूनच होते. उपचार काय, हे वैद्यकशास्त्रच ठरवणार. मात्र तो कुठे, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या हातून मिळावा, हे लोकांना विचारता येते.

पुढे काय?

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील विकास आराखड्यांना मंजुरी देण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. म्हणजे विचारण्याची जागा कायद्यात आहे. आरोग्य केंद्राचा आराखडा ग्रामसभेत चर्चेला येतो की नुसता सहीला, यावर पुढचे अवलंबून आहे. इमारत बांधूनही गर्भवती तिथे पोहोचली नाही, तर किंमत तिला आणि बाळालाच मोजावी लागते.