प्रौढ शिकतो, पण केव्हा?

निरक्षर प्रौढाला वर्गापर्यंत आणणे कठीण, असे कार्यकर्ते नेहमी सांगतात. त्याला वर्गात टिकवणे त्याहून कठीण असते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. पहिल्या दिवशी समाजमंदिराची ओसरी भरते. महिन्याभरात अर्धी सतरंजी रिकामी दिसू लागते आणि दोष प्रौढांच्या अनास्थेवर ढकलला जातो. खरा दोष पुष्कळदा पाठात असतो.

महाराष्ट्राला हे कार्य नवे नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना झाली. आता २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेला ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या निरक्षरांसाठी आहे आणि तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. स्वयंसेवकाजवळ तळमळ असते. अध्यापनाचा अनुभव असतोच असे नाही. मग तो स्वतःची पहिली इयत्ता आठवतो आणि तीच प्रौढांपुढे मांडतो. येथेच गाडे अडते.

प्रौढ म्हणजे वयाने वाढलेले मूल नव्हे. बाजारात बसणारी भाजीवाली पाव किलोचा हिशेब तोंडी करते. गावातील एखाद्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी मुखोद्गत असते. त्यांच्याकडून एक ते दहा अंक घोकून घेणे हा त्यांच्या बुद्धीचा उपमर्द आहे. त्यांना गणित येते, कागदावर मांडणे येत नाही; शिकवायचे ते एवढेच. मुलाला चूक झाल्याचे वाईट वाटते, प्रौढाला चारचौघांत चूक झाल्याची लाज वाटते. एकदा हसू झाले की तो दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि का आला नाही तेही सांगत नाही.

म्हणूनच पाठाचे नियोजन शिकणाऱ्याच्या जीवनापासून सुरू व्हावे. मुळाक्षरांची संपूर्ण मालिका पाठ होईपर्यंत शब्दाची वाट पाहायला लावण्याचे कारण नाही. ‘पगार’ हा एकच शब्द घेतला तरी प, ग, र ही तीन अक्षरे आणि काना हाती येतो. त्यांतून ‘गार’, ‘पार’, ‘राग’ हे शब्द शिकणारा स्वतः जुळवतो. पहिल्याच संध्याकाळी आपण वाचू शकतो हा अनुभव मिळाला, तर तो दुसऱ्या दिवशी आपण होऊन येतो.

तासाभराच्या वर्गाची आखणी फार अवघड नाही. पहिली दहा मिनिटे कालची उजळणी व गप्पा, पुढची पंधरा मिनिटे नवा शब्द आणि त्याची फोड, वीस मिनिटे लेखन, दहा मिनिटे हिशेब आणि अखेरची पाच मिनिटे ‘आज काय जमले’ याची विचारणा. साधने घरातलीच असावीत: दूध डेअरीची पावती, वीजबिल, बँकेचे पासबुक, बचत गटाची वही, एस.टी.ची पाटी. प्रत्येक पाठातून एक तरी गोष्ट उद्याच्या व्यवहारात उपयोगी पडावी.

शरीराचाही विचार हवा. चाळिशीनंतर जवळचे बारीक अक्षर दिसत नाही. अक्षर मोठे आणि उजेड पुरेसा हवा. खुरप्याला सरावलेल्या हाताला लेखणी परकी वाटते. आधी उभ्या-आडव्या रेघा, मग अक्षर. वेळ शिकणाऱ्यांच्या सोयीची हवी, आणि सुगीच्या दिवसांत वर्ग लवचीक राहावा. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली ‘आजीबाईंची शाळा’ भरते ती दुपारी, घरकाम आटोपल्यावर. गुलाबी नऊवारीतल्या त्या आज्यांनी शिकण्याला वय आड येत नाही, हे दाखवून दिले.

‘उल्लास’मध्ये वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची चाचणी होते, ती आवश्यकच आहे. परंतु चाचणी हा मुक्काम नव्हे. वापर थांबला की शिकलेले अक्षर पुसट होते आणि सही करणारा हात पुन्हा शाईच्या पॅडकडे वळतो. वर्ग संपल्यावरही गावात वाचनालय, भित्तिपत्रक आणि आठवड्यातून एकदा एकत्र वाचन चालू राहिले पाहिजे.

साक्षरतेच्या कार्याला निघालेल्या प्रत्येकाने पाटी-पेन्सिल घेण्यापूर्वी अर्धा तास उद्याच्या पाठासाठी द्यावा. दिवसभर राबून आलेला माणूस आपली विश्रांती सोडून समोर बसतो. त्याच्यापुढे तयारीविना उभे राहण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाही.