नाडी अठ्ठेचाळीस, मग काय झालं?

माझं गाव दरेकसा. गोंदियाहून डोंगरगडकडे जाताना सालेकशाच्या पुढे येणारं, छत्तीसगडच्या सीमेला खेटून असलेलं छोटं स्टेशन. हाजरा फॉल पाहायला किंवा माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला आला असाल, तर इथेच उतरला असाल. बाकीच्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नाही! आमच्याकडे पहाटे रस्त्यावर पोरं धावताना दिसतात ती वजन कमी करायला नव्हे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं आणि त्या काही मिनिटांवर घरादाराचं गणित टांगलेलं असतं.

अशाच एका धावणाऱ्या पोराची नाडी एका दवाखान्यात मोजली, ती भरली ४८. ‘हार्ट वीक आहे, पळू नको,’ एवढं सांगून त्याला घरी पाठवलं. ईसीजी नाही, चक्कर येते का हा साधा प्रश्नही नाही. आईने त्याचे बूट लपवून ठेवले. ती भरती हातची गेली. नंतर गोंदियाला दाखवलं तेव्हा ईसीजी आणि इको दोन्ही व्यवस्थित निघाले. डॉक्टर म्हणाले, ही धावणाऱ्याची नाडी आहे, पळ बिनधास्त.

मित्रांनो, आपण इंजिनीअर, तेव्हा पंपाच्या भाषेत बोलू. शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला ७० ठोके आणि प्रत्येक ठोक्याला ७० मिली, करा गुणाकार. आता रोजच्या धावण्याने हृदयाचा कप्पा ऐसपैस झाला आणि एका ठोक्याला १०० मिली जाऊ लागलं, तर तेच काम ५० ठोक्यांत भागतं. आरपीएम कमी, डिस्चार्ज तेवढाच! शिवाय व्हेगस नावाची नस विश्रांतीत ब्रेक लावून ठेवते. पुस्तकात ६० ते १०० हे नॉर्मल लिहिलेलं असतं, पण नियमित व्यायाम करणाऱ्याची नाडी चाळीस-पन्नासच्या घरात असणं नेहमीचं आहे. झोपेत ती आणखी उतरते. रात्री दोन वाजता मनगटावरच्या घड्याळाने ‘लो हार्ट रेट’चा इशारा दिला म्हणून अख्खा मजला जागा करू नये.

मग धडधडीचं काय? रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर छातीत एकदम ‘धस्स’ होतं, ठोका चुकल्यासारखा वाटतो. बहुतेक वेळा ठोका चुकलेला नसतो, वेळेआधी आलेला असतो. त्याच्यामागे थोडा लांब विराम पडतो, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकून बसतो. जाणवतो तो हाच. नाडी संथ असली की दोन ठोक्यांतलं अंतर मोठं, त्यामुळे मध्ये घुसलेला ठोका अधिक खुपतो. असे अधूनमधून येणारे ठोके धडधाकट माणसातही असतात. जागरण, चहा-कॉफी, सबमिशनचा ताण आणि आपल्या विदर्भाचा लाडका खर्रा यांनी ते वाढतात. (खर्रा खाऊन ‘डॉक्टर, धडधडतं’ म्हणणारे महाभाग प्रत्येक मजल्यावर आहेत, नावं घेत नाही.)

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सगळं ठीकच आहे. तसं नाही. आपल्या होस्टेलला दुसरा रोग आहे, हसण्यावारी नेण्याचा. कोणी छाती धरून बसलं की ‘काय बे, लव्ह झालं का?’ माझ्या ओळखीच्या एका मुलीला जिना चढताना धडधडायचं, दम लागायचा. दोन सेमिस्टर तिला ‘टेन्शन घेऊ नको’ हेच औषध मिळालं. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८. मुलींमध्ये ते १२ च्या वर हवं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि धडधड गेली. गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात तर सिकलसेलही आहे, तेव्हा आमच्याकडच्या पोरांनी त्याची तपासणी एकदा करून घ्यावीच. थायरॉईडनेही छाती धडधडते. ही सगळी ‘टेन्शन’च्या खात्यात टाकायची दुखणी नव्हेत.

आणि काही गोष्टींत एक दिवसही थांबू नये. पळत असताना चक्कर येऊन कोसळणं, धावताना छातीत दुखणं, बसल्या जागी अचानक सुरू होऊन थांबतच नाही अशी वेगवान धडधड, नाडी संथ आणि सोबत अंधारी. किंवा घरात कोणी तरुणपणीच अचानक गेलेलं असणं. इथे ईसीजी हवाच आणि डॉक्टरांनी सांगितलं तर इकोही. नाडीचा आकडा ४८ आहे की ८४, हा इथे दुय्यम प्रश्न.

मैदानावर वेळ किती थोडा असतो ते पाहा. ५ डिसेंबर २००४ ला बंगलोरमध्ये फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्टियानो ज्युनिअर गोल करताना गोलकीपरशी धडकला, कोसळला आणि गेला. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन चालू मॅचमध्ये पडला. त्याची छाती जागेवरच दाबली गेली, डिफिब्रिलेटरने शॉक दिला गेला. तो वाचला आणि छातीत यंत्र बसवून पुढच्या वर्षी पुन्हा खेळला. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत धावताना दहाहून अधिक उमेदवार दगावले. त्यातले कोणी आमच्याच पोरांसारखे पहाटे रस्त्यावर पळणारे असतील.

आता आपलं बघा. स्पोर्ट्सच्या आधी फिटनेस सर्टिफिकेट मागतात. ते कसं मिळतं हे मी सांगायला नको! मनगटाला बोट न लावता सही होते. माझं म्हणणं, हा कागद बंदच करा. त्याऐवजी टीममधल्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: पळताना कधी शुद्ध हरपली का, छातीत दुखलं का, घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं का? ज्याचं उत्तर ‘हो’ असेल त्याचा ईसीजी कॉलेजच्या खर्चाने काढा. गॅदरिंगच्या एका रात्रीच्या साऊंड सिस्टीमपेक्षा ते स्वस्तच पडेल. जिमखान्यात एक डिफिब्रिलेटर ठेवा आणि त्या खोलीची किल्ली वॉचमनकडेही असू द्या. रेक्टर सरांपासून मेसच्या काकांपर्यंत सगळ्यांना छाती दाबायला शिकवा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल, आणि कोणीतरी आधीच १०८ ला फोन लावलेला. वर्कशॉपचा एक तास त्याला पुरतो. येत्या स्पोर्ट्सच्या आधी तो तास टाइमटेबलमध्ये दिसावा.