पावतीची किंमत कोण देतो?

दुकानातील पावतीवरची अक्षरे शाईने उमटत नाहीत. उष्णतेने कागदावरील रंगद्रव्य आणि विकासक द्रव्य यांचा संयोग होऊन ती उमटतात. हा विकासक बहुधा बिस्फेनॉल-ए असे. संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करणारे हे फिनॉल बोटांच्या त्वचेतून शरीरात शिरते. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून त्याला अटकाव केला, तेव्हा अनेक उत्पादकांनी त्याचेच भावंड, बिस्फेनॉल-एस, पुढे केले! स्वित्झर्लंडने मात्र दोहोंवर बंदी घातली. फिनॉलविरहित विकासक उपलब्ध आहेत. जर्मनीत तर उष्णतेने वरचा थर पारदर्शक होऊन खालचा काळा थर दिसू लागेल असा, विकासकाविनाच चालणारा कागदही निघाला. पण हे पर्याय महाग. स्वस्त कागदाची बचत दुकानदाराच्या पदरी पडते. तिची किंमत दिवसभर शेकडो पावत्या फाडणारा रोखपाल मोजतो, आणि ती कोणत्याच हिशेबवहीत चढत नाही.